खाजकुइली, सर्पगंधा आणि कंपवाताचा शोध

(पुसद येथील स्मृतिव्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचे मुद्रित रूप)



ज्या सरांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांची शेवटची वर्षे कंपवातात गेली. इथे बसलेल्या कितीतरी जणांना त्यांनी गणित शिकवले. त्यांचा आजार अनेकांनी जवळून पाहिला आहे, म्हणूनच संयोजकांनी यंदा हा विषय दिला. मेंदूच्या पेशी हळूहळू झिजवणाऱ्या आजारांचे निदान आणि उपचार शोधणारी माणसे नेमके काय करत आहेत, ते सांगा, असा त्यांचा निरोप होता. मी औषधशास्त्राचा शिक्षक. औषध कुठून आले, शरीरात जाऊन काय करते, किती द्यावे आणि कधी देऊ नये, हे शिकवण्यात माझी नोकरी गेली. तेव्हा औषधाच्याच वाटेने मी या विषयात शिरतो.

अल्झायमर, हंटिंग्टन, मोटर न्यूरॉनचे आजार, तोल जाणारे अटॅक्सिया आणि कंपवात ही सगळी एकाच कुळातली दुखणी. एकट्या स्मृतिभ्रंशाचा आकडा सांगतो. देशभर घरोघरी तपासणी करून २०२३ मध्ये जो अंदाज प्रसिद्ध झाला, त्यानुसार साठीच्या पुढच्या भारतीयांपैकी ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख माणसांना स्मृतिभ्रंश आहे. आज मात्र मी मुख्यतः कंपवातावर बोलणार आहे. डॉक्टर त्याला पार्किन्सन म्हणतात. तो निवडण्याचे कारण असे, की त्याच्या शोधाची अर्धी गोष्ट आपल्या रानातल्या झाडापाल्यातून जाते आणि उरलेली अर्धी आपल्या शेतात येऊन अडकली आहे.

१८१७ मध्ये लंडनच्या जेम्स पार्किन्सन या डॉक्टरांनी एक छोटा निबंध लिहिला. त्यात सहा माणसांचे वर्णन आहे. त्यातल्या काहींना त्यांनी फक्त रस्त्याने चालताना पाहिले होते. पुढे वाकलेली मान, लहान लहान भरभर पावले, स्वस्थ बसल्यावरही थरथरणारा हात. ना रक्ततपासणी, ना क्ष-किरण. एवढ्या बघण्यावर केलेले ते वर्णन आजही वैद्यकाच्या वर्गात वाचून दाखवावे इतके नेमके आहे. आजच्या माझ्या बोलण्यात ही गोष्ट पुन्हा पुन्हा येईल. या आजारांचे शास्त्र जिथे जिथे पुढे सरकले, तिथे आधी कुणीतरी माणसाकडे नीट पाहिले आणि पाहिलेले लिहून ठेवले.

आता आपल्या रानात येऊ. खाजकुइली माहीत नाही असा माणूस या सभागृहात नसेल. पावसाळ्यात कुंपणावर, झुडपांवर चढणारा वेल, जांभळी फुले, आणि हिवाळ्यात वाळलेल्या त्या केसाळ शेंगा. त्यांची कूस अंगाला लागली की माणूस खाजवून बेजार होतो आणि मग शेण चोळणे, राख चोळणे सुरू होते. कुसेच्या आत ज्या टणक, चकचकीत बिया असतात, त्यांना आयुर्वेदाच्या दुकानात कौचबीज म्हणतात. संस्कृत नाव कपिकच्छू. वैद्यमंडळी ते बल्य आणि वाजीकर म्हणून शतकानुशतके देत आली.

१९३७ मध्ये मद्रास विद्यापीठाच्या जीवरसायन प्रयोगशाळेत दामोदरन आणि रामस्वामी या दोघांनी या बियांतून एक पदार्थ वेगळा काढला. त्याचे नाव लिव्होडोपा. त्याच्या चोवीस वर्षे आधी, १९१३ मध्ये, मार्कुस गुगेनहाइम या रसायनशास्त्रज्ञाने तो युरोपातल्या एका शेंगेतून काढला होता. पण खाजकुइलीच्या बीत त्याचे प्रमाण फार मोठे, वजनाच्या साधारण चार ते सहा टक्के. त्या वेळी मद्रासमध्ये, युरोपात किंवा अमेरिकेत कुणालाच या पदार्थाचा कंपवाताशी संबंध ठाऊक नव्हता. पदार्थ नोंदवला गेला, लेख छापला गेला आणि वीस वर्षे तसाच पडून राहिला.

संबंध जुळला तो दुसऱ्या एका भारतीय वनस्पतीमुळे. तिचे नाव सर्पगंधा. उत्तरेत, विशेषतः बिहारमध्ये, तिची मुळी वेड लागलेल्या माणसाला शांत करायला देत. १९३१ मध्ये कलकत्त्याच्या गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी लिहिले, की ती माणसाला शांत करते आणि रक्तदाबही उतरवते. पुढचे पाऊल मुंबईत पडले. के. ई. एम. रुग्णालयातले डॉ. रुस्तम जाल वकील यांनी रक्तदाबाच्या पन्नास रुग्णांना सर्पगंधा देऊन आकडे नोंदवले आणि १९४९ मध्ये ते ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये छापले. झाडपाल्याच्या औषधावरचा एका भारतीय डॉक्टरचा लेख जगभरच्या हृदयरोगतज्ज्ञांनी गांभीर्याने वाचला, कारण त्यात रुग्ण होते, मोजमाप होते आणि औषध देण्याआधीचा व नंतरचा दाब होता. १९५७ मध्ये त्यांना अमेरिकेतला लास्कर पुरस्कार मिळाला. या माणसाचे नाव आपल्या शाळांच्या पुस्तकांत असायला हवे, असे मला मनापासून वाटते.

१९५२ मध्ये स्वित्झर्लंडच्या सिबा कंपनीने सर्पगंधेतला मुख्य अंश वेगळा केला. त्याचे नाव रिसर्पिन. रक्तदाबासाठी आणि मनोविकारांसाठी ते जगभर भरभरून वापरले जाऊ लागले. काही दिवसांत डॉक्टरांना एक विचित्र गोष्ट दिसली. रिसर्पिन जास्त मात्रेत घेणाऱ्या काही रुग्णांचे हातपाय ताठ होत, चेहरा निर्विकार होई, चाल मंदावे, हात थरथरे. अगदी कंपवातासारखे. औषध थांबवले की लक्षणे जात. हा दुष्परिणाम होता, आणि दुष्परिणामांकडे बहुतेक लोक त्रास म्हणून पाहतात. स्वीडनच्या अरविद कार्लसन यांनी त्याच्याकडे खूण म्हणून पाहिले.

कार्लसन यांनी सशांना रिसर्पिन टोचले. ससे कान पाडून निपचित पडले. मग त्यांना डोपा दिला. काही मिनिटांतच ससे उठून हिंडू लागले. १९५७ मध्ये हा प्रयोग नेचरमध्ये छापून आला. पुढच्याच वर्षी त्यांनी दाखवले, की मेंदूत डोपामिन नावाचा पदार्थ असतो, रिसर्पिनने तो संपतो आणि डोपा दिला की पुन्हा भरतो. डोपामिन हा केवळ दुसरे रसायन तयार होताना मधे येणारा टप्पा आहे, अशी तोवरची समजूत होती. मेंदूच्या ज्या भागात शरीराच्या हालचाली जुळवल्या जातात, तिथेच तो सर्वाधिक सापडला.

हे ससे होते. माणसात काय? व्हिएन्नाचे ओलेह हॉर्निकिएविच यांनी कंपवाताने गेलेल्या रुग्णांचे मेंदू मिळवले, आणि तुलनेसाठी इतर कारणांनी गेलेल्यांचेही. दोन्हींच्या त्याच त्या भागाचे तुकडे घेऊन एक रासायनिक कसोटी केली. डोपामिन असेल तर द्रावण गुलाबी होते. इतरांच्या मेंदूत रंग आला, कंपवाताच्या मेंदूत जवळजवळ आलाच नाही. मोजमाप करण्याआधी नुसत्या डोळ्यांनी दिसणारा हा फरक होता. १९६० मध्ये तो लेख आला. १९६१ च्या जुलैत वॉल्टर बिर्कमायर यांच्यासोबत त्यांनी अंथरुणाला खिळलेल्या रुग्णांना शिरेतून लिव्होडोपा दिला. उठून बसता न येणारी माणसे उठली, चालली. परिणाम काही तासच टिकला, पण दिशा सापडली. १९६७ मध्ये न्यूयॉर्कजवळच्या ब्रुकहेव्हनमध्ये जॉर्ज कॉट्झिआस यांनी डोपाची मात्रा हळूहळू वाढवत नेऊन तोंडाने देण्याची पद्धत बसवली. शरीरात इतरत्र लिव्होडोपाचे डोपामिन होऊ नये म्हणून जोडीला कार्बिडोपा आला. आज आपल्या औषधाच्या दुकानात सिंडोपा म्हणून जी गोळी मिळते, ती ही जोडी. पन्नास वर्षे उलटून गेली तरी कंपवातात हिच्याइतके खात्रीचे औषध दुसरे नाही.

२००० मध्ये कार्लसन यांना नोबेल मिळाले, हॉर्निकिएविच वगळले गेले. दोनशेहून अधिक मेंदूशास्त्रज्ञांनी जाहीर पत्र लिहून नाराजी नोंदवली. ती रास्त होती. माणसाच्या मेंदूत पाहिल्याशिवाय हा शोध पुरा होत नव्हता. आणि ते मेंदू देणारी कुटुंबे? त्यांची नावे कुठेच नाहीत. बंगळुरूच्या निमहान्समध्ये १९९५ पासून मानवी मेंदूंची बँक आहे. देहदानाची नोंदणी विदर्भात अनेक जण करतात. मेंदूदानाविषयीही घराघरात बोलले जायला हवे, विशेषतः ज्या घरात हे आजार आहेत तिथे.

आता खाजकुइलीकडे परत. लिव्होडोपा हे औषध आहे हे कळल्यावर मुंबईच्या डॉ. अशोक वैद्य आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सरळ प्रश्न विचारला: मग आपली कौचबीजाची पूडच कंपवाताच्या रुग्णांना दिली तर? १९७८ मध्ये त्यांचा अभ्यास न्यूरॉलॉजी इंडिया या नियतकालिकात आला. रुग्णांना फायदा झाला होता. पुढे झंडूने याच बियांपासून एचपी-२०० नावाचे प्रमाणित चूर्ण बनवले. साठ रुग्णांवर बारा आठवडे झालेल्या त्याच्या चाचणीचे निकाल १९९५ मध्ये प्रसिद्ध झाले. २००४ मध्ये लंडनमध्ये आठ रुग्णांवर झालेल्या काटेकोर चाचणीत पूड नेहमीच्या गोळीपेक्षा लवकर लागू पडली, साधारण ३५ मिनिटांत, जिथे गोळीला ६८ मिनिटे लागत होती. बोलिव्हियात १८ रुग्णांवर झालेला अभ्यास २०१७ मध्ये आला. तोही उत्साह वाढवणारा होता.

इथे थांबून मला एक गोष्ट ठासून सांगायची आहे, कारण आज अनेक घरांत मोबाईलवरून मागवलेले कौचबीजाचे डबे आहेत. पुढच्याच वर्षी, २०१८ मध्ये, आणखी एक अभ्यास प्रसिद्ध झाला. चौदा रुग्णांना सोळा आठवड्यांच्या चाचणीत ही पूड रोज घ्यायची होती. त्यातल्या निम्म्यांनी मध्येच सोडली, कुणी मळमळ-उलटीमुळे, कुणी हालचाल बिघडत गेली म्हणून. लंडन-बोलिव्हियातल्या चाचण्यांसारखी एका वेळेची मात्रा आणि रोजचे औषध यांत एवढे अंतर असते. बाजारातल्या पुडीत लिव्होडोपा किती, हे वेष्टनावर बहुधा नसते. वेलाची जात, जमीन, बी भाजली की उकडली, यांवर तो बदलतो. सिंडोपा चालू असताना वरून ही पूड घेतली तर मात्रा दुप्पट होऊ शकते. मग अंग आपोआप वळवळते, उभे राहिल्यावर रक्तदाब घसरतो, नसलेली माणसे दिसू लागतात. घरचे म्हणतात आजार वाढला, आणि वाढलेले असते औषध. आपल्या रानातल्या वनस्पतीत हे औषध निघाले याचा मला आनंद आहेच. पण डॉ. अशोक वैद्य यांच्या गटाने ते रुग्णांवर मोजून दाखवले, हा त्या आनंदाचा खरा आधार आहे. मोजणे सोडून दिले, तर आपण त्यांचे काम पुसून टाकतो.

आणखी एक व्यवहाराची गोष्ट. लिव्होडोपा आतड्यातून शरीरात शिरतो तेव्हा प्रथिनांच्या घटकांशी त्याची स्पर्धा होते. म्हणून ही गोळी दुधासोबत किंवा वरण-भातावर घेतली तर ती कमी लागू पडते. जेवणाआधी अर्धा-पाऊण तास घेतलेली बरी. मळमळ होत असेल तर डॉक्टरांना विचारून वेळ ठरवावी. गोळी अचानक बंद मात्र कधीही करू नये.

लिव्होडोपा उणीव भरतो, झीज थांबवत नाही. हे सत्य पन्नास वर्षांत बदललेले नाही, आणि आजचे सगळे मोठे संशोधन इथेच धडपडते आहे. हात थरथरू लागतो तेव्हा डोपामिन बनवणाऱ्या पेशींपैकी मोठा हिस्सा आधीच गेलेला असतो. म्हणजे निदानच उशिरा होते. आपल्याकडे तर फारच उशिरा. "आजकाल बुढा लय हळू चालते" एवढे म्हणून वर्ष-दोन वर्षे जातात. मग लकवा समजून मालिश होते, बाहेरचे समजून गंडेदोरे होतात. सरांच्या बाबतीतही उत्तरपत्रिकेवरचे त्यांचे शेरे आधीपासून बारीक होत गेले होते. घरच्यांना ते जुने कागद चाळताना फार नंतर उमगले. अक्षर बारीक होत जाणे ही कंपवाताची जुनी, ओळखीची खूण आहे. त्याच्याही आधी वर्षानुवर्षे काही खुणा येऊ शकतात. वास न येणे, न हटणारी बद्धकोष्ठता, झोपेत स्वप्नाबरोबर ओरडणे आणि हातपाय झाडणे. यातली एखादी खूण असली म्हणजे कंपवात होणारच असे अजिबात नाही. पण तीन-तीन एकत्र आल्या तर तपासून घ्यावे.

या आधीच्या काळात डोकावण्याचा मार्ग गेल्या काही वर्षांत उघडला आहे. कंपवाताच्या मेंदूत अल्फा-सायन्युक्लीन नावाचे प्रथिन चुकीची घडी घेऊन गोळा होते. दुधात थोडे विरजण पडले की सगळे दूध लागते, तसे बिघडलेल्या प्रथिनाचे थोडे कण चांगल्या प्रथिनालाही बिघडवत जातात. शास्त्रज्ञांनी याच स्वभावाचा निदानासाठी उपयोग केला. रुग्णाच्या मणक्यातले पाणी काढायचे, त्यात चांगले प्रथिन मिसळायचे आणि ते बिघडते का पाहायचे. २०२३ मध्ये १,१२३ जणांवरच्या अभ्यासाचा निकाल आला. त्यात कंपवाताचे सुमारे ८८ टक्के रुग्ण या कसोटीने ओळखले गेले. लक्षणे दिसण्याआधीच्या काही माणसांतही ती सकारात्मक आली. मणक्यात सुई घालायची असल्याने ती तालुक्याच्या गावी येणार नाही, पण कातडीच्या छोट्या तुकड्यावर आणि रक्तावर अशीच कसोटी बसवण्याचे काम जोरात आहे. अल्झायमरच्या बाबतीत रक्ततपासणी खरोखर हाताशी आली आहे. २०२५ च्या मे महिन्यात अमेरिकेच्या औषध प्रशासनाने अशा पहिल्या तपासणीला मंजुरी दिली.

हे प्रथिन बिघडायला सुरुवात नेमकी कशी होते, यावर पवईच्या आय. आय. टी. मुंबईत समीर माजी यांचा गट काम करतो. त्यांनी २०२० मध्ये नेचर केमिस्ट्रीत दाखवले, की अल्फा-सायन्युक्लीन आधी द्रवाच्या सूक्ष्म थेंबांत एकवटते, ते थेंब कालांतराने घट्ट होतात आणि त्यातून तंतू निघतात. औषधाने अडवायचे असेल तर थेंबाच्या अवस्थेतच अडवता येईल का, हा पुढचा प्रश्न. मुंबईत बसून जगाच्या आघाडीवर होणारे हे काम आहे.

मेलेल्या पेशींच्या जागी नव्या पेशी बसवण्याचा प्रयोगही सुरू आहे. क्योटो विद्यापीठाच्या रुग्णालयात सात रुग्णांच्या मेंदूत अशा पेशी सोडल्या गेल्या. २०२५ मध्ये त्याचा अहवाल आला आणि तो आशा वाढवणारा आहे. पण सात रुग्णांचा. स्टेम सेलच्या नावाने लाखो रुपये घेणाऱ्या जाहिराती शहरांतून आपल्यापर्यंत येतात, त्यांचा या अहवालाशी काही संबंध नाही. जमीन विकून कुणी तिकडे जाऊ नये, ही माझी हात जोडून विनंती आहे.

आपल्याच राज्यातली आणखी एक गोष्ट सांगितल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयातले मेंदूविकारतज्ज्ञ डॉ. नोशिर वाडिया. तोल जाऊन अडखळत चालणारे रुग्ण त्यांच्याकडे येत. असे रुग्ण जगभर सगळ्यांकडेच येत. वाडियांनी त्यातल्या काहींना एक साधी गोष्ट करायला सांगितली: डोके स्थिर ठेवा आणि झटकन डावीकडे, मग झटकन उजवीकडे बघा. निरोगी माणसाची नजर क्षणात उडी घेते. या रुग्णांची नजर मात्र हळूहळू सरकत जाई. त्यांच्या भावंडांत, आईवडिलांत हेच दिसले. वाडियांनी आणि आर. के. स्वामी यांनी अशी नऊ कुटुंबे तपासली आणि १९७१ मध्ये ब्रेन या नियतकालिकात लिहिले, की हा वेगळा, आनुवंशिक आजार आहे. पंचवीस वर्षांनी, १९९६ मध्ये, त्याचे जनुक सापडले. बाराव्या गुणसूत्रावरच्या एका जनुकात तीन अक्षरांचा एक तुकडा पुन्हा पुन्हा येतो. बहुतेकांत तो २२ वेळा असतो, ३३ च्या पुढे गेला की आजार संभवतो. आता रक्ताच्या एका नमुन्यावर त्याचे निदान होते. क्युबाच्या ओल्गीन प्रांतात या आजाराची जगातली सर्वांत मोठी कुटुंबे आहेत, आणि तिथले डॉक्टरही मुंबईतल्या त्या लेखाचा आधार घेतात. यासाठी वाडियांना लागलेले उपकरण म्हणजे रुग्णासमोर धरलेले बोट. त्यांनी प्रत्येकाच्या नात्यागोत्याची वंशावळ लिहून काढली, हे खरे कष्टाचे काम.

आता मघाशी म्हटलेला दुसरा अर्धा भाग, आपल्या शेताचा.

शेतातून मज्जासंस्थेवर घाला येतो, हे विदर्भाला नवे नाही. पूर्व विदर्भात आणि पलीकडे मध्य भारतात दुष्काळाच्या वर्षी लाखोळीवर दिवस काढणाऱ्या तरुण माणसांचे पाय आखडत आणि जन्मभर काठीच्या आधाराने चालावे लागे. त्या डाळीतला विषारी अंश १९६४ मध्ये भारतीय शास्त्रज्ञांनी वेगळा काढला. जेवणात थोडी लाखोळी असणे आणि महिनोन्महिने तिच्याशिवाय दुसरे काहीच नसणे, यात फरक आहे हेही त्यातून कळले.

कंपवाताचा शेताशी धागा जुळला तो मात्र दुरून. १९८२ मध्ये कॅलिफोर्नियात काही तरुण रुग्णालयात आले. लाकडासारखे ताठ, बोलता येईना. ते नशेसाठी घरगुती बनवलेले एक द्रव्य टोचून घेत होते. बिल लँगस्टन या डॉक्टरांनी त्यातला दोषी अंश शोधला. तो मेंदूत जाऊन नेमक्या डोपामिनच्या पेशी मारत होता. आणि त्याचे रूप पॅराक्वाट या तणनाशकाशी मिळतेजुळते होते. तेव्हापासून शेतीतल्या रसायनांकडे कंपवाताच्या अभ्यासकांचे लक्ष आहे. २०११ मध्ये अमेरिकेतल्या फवारणी करणाऱ्या शेतकऱ्यांच्या अभ्यासात पॅराक्वाट किंवा रोटेनॉन वापरणाऱ्यांत कंपवात सुमारे अडीच पट आढळला. युरोपीय संघात पॅराक्वाट २००७ पासून बंद आहे. फ्रान्सने २०१२ मध्ये कीटकनाशकांशी संबंध येणाऱ्या शेतकऱ्यांचा कंपवात हा व्यवसायामुळे होणारा आजार म्हणून मान्य केला. त्यामुळे तिथल्या शेतकऱ्याला भरपाई मागता येते.

आणि इथे? निंदण आणि डवरणीला माणूस मिळेना, तसे तणनाशक घरोघरी आले. २०१७ च्या पावसाळ्यात आपल्या यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले आणि शेकडो रुग्णालयात भरती झाले. माणसाच्या डोक्यावर गेलेली कपाशी, पाठीवरचा पंप, दोन-तीन औषधे एकत्र कालवलेली, अंगावर भिजलेला सदरा. ती ताबडतोबीची विषबाधा होती आणि तिचा कंपवाताशी थेट संबंध जोडणे चुकीचे ठरेल. पण त्या वर्षी जी माणसे वाचली, आणि जी त्याआधी वीस-वीस वर्षे फवारत आली, त्यांच्या मेंदूचे पुढे काय झाले? तो प्रश्न जिल्ह्यात कुणीतरी विचारायला हवा. अमेरिकेच्या आणि फ्रान्सच्या शेतकऱ्याविषयी आपण आकडे देऊ शकतो. त्यांची औषधे वेगळी, पंप वेगळे, अंगावरचे कपडे वेगळे. त्यांचा आकडा आपल्या मजुराला जसाच्या तसा लावता येत नाही.

हे मोजणे अशक्य नाही. मुंबईत डॉ. नादिर भरुचा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पारशी वसाहतींत घरोघरी जाऊन १४,०१० माणसे तपासली. त्यात कंपवाताचे ४६ रुग्ण निघाले, म्हणजे लाखात ३२८. १९८८ मध्ये तो अभ्यास आला. पारशी समाजात वृद्धांचे प्रमाण जास्त असल्याने आकडा मोठा दिसतो, हेही त्यांच्या वयवारीवरून उमगते. प्रश्नावली साधी होती: हात थरथरतो का, चालताना पाय घासतात का, चाल मंदावली आहे का. होय म्हणणाऱ्याला मग मेंदूविकारतज्ज्ञ तपासत.

पुसद तालुक्यात हेच करता येईल. आपल्याकडे उपजिल्हा रुग्णालय आहे, गावोगावी आशाताई आहेत, महाविद्यालयात विज्ञानाची मुले-मुली आहेत, आणि जिल्ह्याच्या ठिकाणी वसंतराव नाईकांच्या नावाचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. गहुलीच्या या सुपुत्राने शेतीसाठी आयुष्य वेचले. त्यांच्या तालुक्यातून शेतकऱ्याच्या मेंदूची पहिली वही सुरू व्हावी, असे मला फार वाटते. सुरुवात एकाच प्राथमिक आरोग्य केंद्राच्या गावांपासून आणि तांड्यांपासून करावी. पन्नाशीच्या पुढच्या प्रत्येकाला तीन-चार प्रश्न. संशय आला तर मोबाईलवर अर्ध्या मिनिटाचे चित्रीकरण: खुर्चीतून उठणे, दहा पावले चालणे, वळणे. त्याच्या संमतीने, घरच्यांसमोर. ते पाहून यवतमाळ किंवा नागपूरचे तज्ज्ञ कुणाला बोलवायचे ते ठरवू शकतात. निदान पक्के झाले तर आणखी एक लाभ पदरात पडतो. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये पार्किन्सनचा समावेश आहे. प्रमाणपत्र मिळू शकते, हे अनेक कुटुंबांना माहीतही नसते. शिवाय रुग्ण एकमेकांना भेटले तर केवढा फरक पडतो, हे पुण्यातल्या पार्किन्सन्स मित्रमंडळाने दाखवले आहे.

वहीत एक रकाना फवारणीचा हवा. स्वतः फवारतो की मजूर लावतो, किती हंगाम, कापूस की केळी की ऊस, घरची विहीर शेतापासून किती लांब. आणि औषधाचे नाव. हा रकाना सर्वांत अवघड आहे, कारण "लाल झाकणाची बाटली" यापलीकडे कुणाला नाव आठवत नाही आणि दुकानदाराची पावती बहुधा नसते. म्हणून यंदा फवारणी सुरू होण्याआधी प्रत्येक घरातल्या शाळकरी मुलाने एवढे करावे: आणलेल्या प्रत्येक बाटलीच्या आणि पुडीच्या वेष्टनाचा फोटो बंद झाकणासकट, हात न लावता काढावा आणि तारीख टाकून जपून ठेवावा.